शाळेत आधी गोडी लागते की आधी जमायला लागतं?

सावली_उन्हातली

मुलगी आठवीत आहे. पाचवी-सहावीपर्यंत दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत आज कोण काय म्हणालं, बाईंनी काय करून दाखवलं, हे सगळं सांगून व्हायचं. आता "काय शिकवलं आज?" या प्रश्नाला एकच उत्तर, "नेहमीचंच."

मार्क वाईट नाहीत. गृहपाठ वेळेवर. पालकसभेत वर्गशिक्षिका म्हणाल्या, "शांत आहे हो, काही त्रास नाही तिचा." हे कौतुक होतं म्हणे. मला मात्र ते ऐकून कसंसंच झालं. ती तिथे हजर असते, पण असतच नाही. आणि हीच मुलगी घरी पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करून, ते पुन्हा पुन्हा ऐकून, कोणता कोणाचा हे शोधत तासन्तास बसते. तेव्हा आळशी म्हणायची सोय नाही.

तर विचारायचं आहे ते असं. अभ्यासाची ओढ बाहेरून लावता येते का? बक्षीस, धाक, शाबासकी, मोबाईलचा वेळ, यातलं काय खरंच लागू पडतं? आणि मूळ शंका म्हणजे, गोडी लागली की मूल वर्गात गुंततं, की गुंतल्यावर गोडी लागते? नवरा म्हणतो वयच असं असतं, सोडून दे. मला सोडवत नाही.

उंटावरचा_शहाणा

नवऱ्याशी सहमत. हा प्रतिसाद त्यांना जरूर दाखवा, बिचाऱ्यांना रोज कुठे अनुमोदन मिळत असेल.

खडूफळा

मी माध्यमिकला विज्ञान शिकवतो. ताई, आतली गोष्ट सांगतो. "शांत आहे" हे आम्ही ज्या मुलाबद्दल सांगण्यासारखं काहीच नसतं त्याच्याबद्दल म्हणतो. दंगेखोर मुलं आम्हाला पाठ असतात, हुशारही पाठ असतात. मधली अख्खी रांग धूसर असते. वाईट वाटतं, पण आहे हे असं आहे.

फ्रेडरिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस या संशोधकांनी 2004 मध्ये या विषयावरचा अभ्यास एकत्र मांडला होता. त्यांनी मुलांच्या सहभागाचे तीन पदर सांगितले. एक वागण्यातला, म्हणजे हजेरी, वही, नियम. दुसरा भावनेचा, म्हणजे शाळा आपली वाटते का. तिसरा डोक्याचा, म्हणजे समजून घ्यायला मूल स्वतः जोर लावतं का. आमच्या नोंदवहीत फक्त पहिला दिसतो. त्यात तुमची मुलगी पैकीच्या पैकी असणार.

मी स्वतः एक खूण बघतो. मूल "सर, हे परीक्षेला आहे का?" विचारतं की "मग त्या वेळी असं का नाही होत?" विचारतं? दुसरा प्रश्न यायचा थांबला की समजायचं, गाडी कुठेतरी अडलीय. मार्क पडायला त्यानंतर वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

शेवटचा_बाक

वा सर! पहिल्या दोन पदरांत मी सपशेल नापास होतो. तिसऱ्यात विशेष प्रावीण्य. फक्त मी ज्यात डोकं लावायचो तो विषय वेळापत्रकात नव्हता.

मृण्मयी_

वाचतेय. बक्षिसांबद्दल एक पाहिलेलं सांगते. बहिणीकडे भिंतीवर तक्ता होता. पाढे म्हटले एक चांदणी, शुद्धलेखन लिहिलं एक चांदणी, दहा चांदण्यांना काहीतरी भेट. महिनाभर घर कसं शिस्तीत चाललं होतं! मग भाचा प्रत्येक कामाला "याच्या किती?" विचारायला लागला. आजीने पाणी मागितलं तरी "किती चांदण्या?" आजीने जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

तळटीप

मृण्मयी, याच्यावर 1973 मधला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांचा. बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची, चित्रं काढायची आधीपासूनच आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर तेच प्रमाणपत्र अचानक हातात दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं नुसती ठेवून दिली आणि मोकळ्या वेळात कोण किती काढतं ते लपून पाहिलं. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम नव्हता.

थोडक्यात, घात बक्षिसाने होत नाही, "हे केलंस तर ते देईन" या सौद्याने होतो. सौदा झाला की मुलाच्या लेखी ते काम मजुरी होतं, आणि मजुरी थांबली की काम थांबतं.

हिशेबी_माणूस

तळटीप, थांबा जरा. ती मुलं मुळात चित्रकलेची हौशी होती. ज्याला हौसच नाही त्याचं काय बिघडणार? जिथे गोडी शून्य आहे तिथे ती कमी होणार तरी कशी? माझ्या पुतण्याने पुस्तक कधी उघडलंच नव्हतं. आम्ही आमिष दाखवलं, त्याने उघडलं, तिसऱ्या-चौथ्या पुस्तकानंतर आमिष मागे पडलं आणि वाचन राहिलं. सुरुवातीचा धक्का म्हणून बक्षिसाला इतकं बदनाम करू नका.

अमेरिकेत रोलँड फ्रायर या अर्थतज्ज्ञाने चक्क रोख पैसे देऊन पाहिलं आहे, त्याचा निबंध 2011 मध्ये आला. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना दर पुस्तकामागे 2 डॉलर, पण पुस्तकावरची छोटी चाचणी पास झाल्यावरच. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या मार्कांवर पैसे. मार्कांवर दिलेले पैसे वाया गेले. तिथल्या मुलांना विचारलं, जास्त पैसे मिळवायला काय कराल? तर उत्तरं आली प्रश्न नीट वाचू, उत्तरं पुन्हा तपासू, असली. जास्त अभ्यास करू, शिक्षकांना विचारू, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. इच्छा होती, वाट माहीत नव्हती.

तळटीप

हिशेबी, पुतण्याबद्दल मान्य. फक्त पूर्ण चित्र असं की शहरागणिक सगळ्या मुलांचा एकत्र हिशेब केला तर पैशांचा परिणाम शून्याच्या आसपासच निघाला होता. डॅलसमध्ये इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांना वाचनात फायदा दिसला, स्पॅनिशमधून देणाऱ्यांना नाही. पण तुमचा मुद्दा टिकतो. "पुस्तक वाच" हे मुलाच्या हातात आहे, "मार्क वाढव" हे नाही. जे हातात नाही त्यावर बक्षीस लावलं तर फक्त धाकधूक वाढते.

गणितवेडी

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण गाडी बक्षिसांच्या फाट्यावर वळली की तिथेच शंभरी भरणार.

सावली, तुझ्या "आधी काय" याला माझ्या विषयापुरतं माझं उत्तर ठाम आहे. आधी जमणं, मग आवडणं. कॅनडातल्या सुमारे दीड हजार मुलांचा पहिली ते चौथी मागोवा घेतलेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. गणितात आधी बरं जमलेल्या मुलांची पुढे गोडी वाढलेली दिसली. उलट दिशेने, म्हणजे आधी गोडी होती म्हणून पुढे जास्त जमलं, असं काही त्यांना सापडलं नाही.

मी शिकवण्या घेते. "मला गणित आवडत नाही" म्हणत येणाऱ्या मुलाला मी का, केव्हापासून वगैरे विचारतच नाही. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती, एवढंच विचारते. आठवी-नववीची कितीतरी मुलं दोन पंचमांश सांगतात. वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे मिळवले. मग मी म्हणते, अर्ध्यात अजून काहीतरी मिळवलं, तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? तिथे मूल पहिल्यांदा मान वर करून बघतं. मुलाला अपूर्णांक येत नाहीत, त्यामुळे बैजिक राशी येत नाहीत, त्यामुळे रोजचा तास म्हणजे परक्या भाषेतलं भाषण. अशा मुलाला कोणी "मन लावून बस" सांगितलं तर मन लावायचं कशाला?

आम्ही चौथी-पाचवीपर्यंत मागे जातो. आधी पडदा ठेवते, वही वेगळी करते, कारण नववीच्या मुलाला पाचवीचं पुस्तक उघडायची लाज वाटते आणि ती लाज खरी असते. उदाहरणं अशी निवडते की दहातली सात-आठ सुटली पाहिजेत, दोन-तीन अडली पाहिजेत. सगळी सुटली तर त्यालाही कळतं की आपल्याला चुचकारतायत. थोडं सुटायला लागलं की मूल स्वतःहून म्हणतं, "अजून द्या." मी प्रेरणादायी असं एक वाक्य बोललेली नसते.

उंटावरचा_शहाणा

मी आत्ता मनात दोन पंचमांशच काढलं होतं. कोणाला सांगू नका.

पेन्सिल_तुटकी

नमस्कार. मी अकरावीत आहे, बहुतेक इथे सगळ्यात लहान. आईच्या फोनवर हा धागा उघडा दिसला म्हणून खातं काढलं.

शाळेत दर वर्षी कोणीतरी पाहुणे यायचे मोटिव्हेशन द्यायला. मोठ्याने बोलायचे, आम्ही मोठ्याने टाळ्या वाजवायचो. पुढच्या तासाला परत तेच डिक्टेशन. मोटिव्हेशन कमी आहे असं आम्हाला वाटायचंच नाही. आपण तिथे असलो काय, नसलो काय, तास तसाच होणार, हे वाटायचं.

दोन शिक्षक वेगळे होते. एक बाई सहा प्रश्न द्यायच्या आणि म्हणायच्या यातले कोणतेही चार. तेवढ्यावर वर्गात चर्चा सुरू व्हायची की कोणते घ्यायचे, कारण निवडायचं तर सगळे वाचावे लागतात. दुसरे इतिहासाचे सर, एकदा एका प्रश्नावर म्हणाले, "मला नाही माहीत, तू शोध, मीही शोधतो, उद्या ताडून बघू." मी खरंच शोधलं. त्यांनीही शोधलं होतं.

आणि एक गोष्ट कोणी लिहिली नाही. हात वर करणं ही वर्गात धोक्याची गोष्ट आहे. चुकलं तर हसतात, बरोबर आलं तर "आला मोठा हुशार." गप्प बसणं सगळ्यात सुरक्षित. खडूफळा सरांनी लिहिलेली मधली रांग तिथे मुद्दाम बसलेली असते.

खडूफळा

पेन्सिल, तुझं वाचून उद्याचा तास बदलणार आहे, आभार.

तू लिहिलंस तेच एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी वर्षानुवर्षं मांडलंय. माणसाला कशात तरी आतून गुंतायला तीन गोष्टी लागतात. काही निर्णय आपल्या हातात असणं, आपल्याला जमतंय असं जाणवणं आणि आजूबाजूच्यांशी नातं असणं. सहातले चार निवडणं ही पहिली. गणितवेडीताईंचं मागे जाणं ही दुसरी. "मीही शोधतो" ही तिसरी. अभ्यासक्रम आमच्या हातात नसतो हे खरं, पण सहातले चार द्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

मार्कांचंही बोलतो. रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर प्रयोग केला होता, 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना केलेल्या कामावर फक्त मार्क, काहींना फक्त लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही. अभिप्रायवाल्यांचा रस टिकला आणि कामही सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांचं काय व्हावं? ते फक्त मार्कवाल्यांसारखेच निघाले. आकडा दिसला की खालचं कोणी मनावर घेत नाही. तेव्हापासून मी वह्या आधी अभिप्रायासह देतो, मार्क दोन दिवसांनी. मुलांना चालतं. पालकांचे फोन येतात, "सर, मार्क लिहायचे राहिलेत."

शेवटचा_बाक

सर, "सुधारणेस वाव आहे" हा अभिप्राय मोजायचा का? मला दर वर्षी मिळायचा. इतका वाव होता की त्यात अजून एक विद्यार्थी बसला असता.

सुमार_कवी

मला "बोलणे कमी करावे." सध्या कार्यक्रमांचं निवेदन करतो.

मृण्मयी_

माझ्या भावाला "हुशार आहे, पण अभ्यास करत नाही." आईने हे पहिलं अर्धं वाक्य आयुष्यभर जपून ठेवलं. भाऊपण हुशार ठरल्यावर कशाला अभ्यास करतोय? केला आणि तरी मार्क कमी पडले तर हुशारीची पदवी जायची ना.

तळटीप

मृण्मयी, विनोदात लिहिलंत पण अगदी हेच कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांच्या 1998 च्या प्रयोगांत दिसलं होतं. सारखंच काम करून घेतल्यावर काही मुलांना "किती हुशार आहेस" म्हटलं, काहींना "बरीच मेहनत घेतलीस." पुढे निवडायला दिल्यावर हुशार म्हटलेली बरीच मुलं जिथे आपण चांगलेच ठरू असं सोपं काम घेऊ लागली. नंतर मुद्दाम अवघड देऊन आपटवलं, तेव्हा त्यांचाच हिरमोड जास्त झाला, आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलांना आपले मार्क कळवताना फुगवून सांगणारेही त्यांच्यातच जास्त निघाले.

निर्विकार

इतका वेळ गप्प होतो. आता थोडं कडू.

बुद्धी मेहनतीने वाढते, या ड्वेकबाईंच्या कल्पनेची नंतर शाळाशाळांत पोस्टरं झाली. 2018 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर एकूण परिणाम किरकोळ होता. 2019 मध्ये अमेरिकेत सुमारे 12,000 नववीच्या मुलांवर नीट आखून प्रयोग झाला, त्यात मागे पडलेल्या मुलांचे ग्रेड थोडेसेच वाढले. काही नाही असं नव्हे, पण भिंतीवर घोषवाक्य चिकटवून वर्ग बदलत नाही.

आणि माझी मोठी हरकत वेगळी आहे. सगळं गोड वाटलंच पाहिजे हा हट्ट कुठून आला? मला व्याकरण कधीही आवडलं नाही. संधी, समास, प्रयोग, सगळं बसून घोटलं. आज मसुदे तपासायचं काम करतो, त्यावरच पोट चालतं. मुलांना कंटाळा सोसायची सवयही शाळेनेच लावायची असते. मन लागो न लागो, बसायचं आणि पुरं करायचं. ही पण कमाईच आहे.

पेन्सिल_तुटकी

काका, पण तुम्ही का घोटलंत? कोणी मारलं म्हणून की पुढे लागेल असं तुम्हाला वाटलं म्हणून?

निर्विकार

वाटलं म्हणून. एक बाई होत्या, त्या आमचीच वाक्यं फळ्यावर लिहून त्यातलं काय खटकतंय ते आम्हालाच शोधायला लावायच्या. आता तू म्हणशील यातच सगळं आलं. म्हण.

गणितवेडी

तो नाही म्हणाला तर मी म्हणते. निर्विकार, तुमच्याशी माझं भांडण नाहीच. न आवडणारं काम पटल्यामुळे करणं आणि धाकाने करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींत मूल बाकावर सारखंच बसलेलं दिसतं एवढंच. पटणं आपण मुलाच्या तोंडात घालू शकत नाही, ही अडचण आहे. "पुढे उपयोगी पडेल" हे मी किती वेळा ऐकवलं तरी शून्य. त्याऐवजी 2009 मध्ये हुलेमन आणि हरॅकिविझ यांनी विज्ञानाच्या मुलांना अधूनमधून एवढंच लिहायला लावलं, की या धड्याचा तुझ्या जगण्याशी काय संबंध. ज्यांना आपल्याला जमेल असं वाटत नव्हतं, त्यांचा रस आणि ग्रेड दोन्ही वाढले. ज्यांना आधीच आत्मविश्वास होता त्यांच्यात फरक नाही. संबंध मुलाने स्वतः शोधला पाहिजे, आपण शोधून दिला की ते भाषण होतं.

कंटाळ्याबद्दल मात्र सहमत. पाढे कोणालाही मजेचे वाटत नाहीत. पाठ करावेच लागतात.

सावली_उन्हातली

बापरे, दोन दिवस इकडे फिरकले नाही तर एवढं! सगळं वाचलं, काही दोनदा.

पेन्सिल, तुझा हात वर करण्याचा मुद्दा वाचून लेकीला सरळ विचारलं, शेवटचा प्रश्न वर्गात कधी विचारलास? ती म्हणाली सातवीत. आठवीत तुकड्या नव्याने पाडल्या, तिच्या दोघी मैत्रिणी दुसरीकडे गेल्या. या वर्गात तिला कोणी "वेडं" म्हणत नाही, पण कोणी ओळखतही नाही. शिवाय विज्ञान बहुतेक उतरवून घेण्यावर आलंय. मी इतके महिने विषयात गोडी शोधत होते, आणि ही बाई मधल्या सुट्टीत एकटी असते.

तुकडी बदलून मिळत नाही, ते विचारून झालं. आता मनात येतंय की तिच्या पक्ष्यांच्या आवाजांचा प्रकल्प शाळेत मांडू द्यावा का? बाईंना मी सुचवू?

हिशेबी_माणूस

सुचवा की! याहून सोपं काय. ओळखही होईल, विषयातही मन रमेल.

तळटीप

मी थांबेन. घरचा छंद ही तिची एकमेव जागा आहे जिथे कोणी मोजत नाही. तिथे गुण, मुदत आणि सादरीकरण घुसलं तर ती चित्रं काढणारी मुलं आठवा.

खडूफळा

दोघांच्या मधलं. आवाजाचा धडा लागतो तेव्हा वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, ते शिकवतो. माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकू येतं, हे वाक्य मुलं पाठ करतात. तेच पक्ष्याच्या आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वारंवारता कशी बदलते ते दाखवणारं चित्र, पडद्यावर दाखवला तर शीळ वर चढताना रेघ वर चढलेली दिसते, मग वारंवारता वेगळी समजावावी लागत नाही. असे रेकॉर्डिंग माझ्या वर्गातल्या कोणाकडे आहेत हे कळलं तर मी हावरटासारखा मागून घेईन. पण गुण देणार नाही, आणि तिला फळ्यापाशी उभंही करणार नाही. एक आवाज वाजवून सगळ्या वर्गाला ओळखायला लावेन. खरं उत्तर एकीलाच माहीत, एवढं पुरतं.

तुम्ही बाईंना सांगा जरूर, पण आधी मुलीची परवानगी घ्या. ती नको म्हणाली तर विषय बंद.

पेन्सिल_तुटकी

+१. आणि प्रकल्प करायचाच असेल तर जोडीचा द्यायला सांगा. जोडीला कोण हवं ते बाईंनी तिलाच हळूच विचारावं. "आपापल्या जोड्या करा" असं वर्गात म्हटलं की ज्यांना कोणी नसतं ते तेव्हा काय करतात हे मोठ्यांना माहीत नसतं. पेनला टोपण लावत बसतात.

सावली_उन्हातली

विचारलं. "बघू" म्हणाली. आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही नव्हे. पण जोडीचं ऐकून लगेच एका मुलीचं नाव घेतलं, जिचं नाव मी आजवर ऐकलेलं नव्हतं. बाईंना भेटायची वेळ मागितली आहे.

उंटावरचा_शहाणा

नवऱ्याचं काय म्हणणं? मी त्यांच्या बाजूने उतरलो होतो, मला निकाल कळायला हवा.

सावली_उन्हातली

त्यांचं म्हणणं, "मी म्हटलं होतं ना, एवढं काही नसतं." तुम्ही दोघं भेटाच एकदा.

मृण्मयी_

गणितवेडी, ते मागे जाण्याचं वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहा ना. कोणत्या इयत्तेत कुठे अडतात, कुठून सुरू करायचं. भाचा आता सहावीत गेलाय आणि दशांश अपूर्णांकांवर घरात रोज रणधुमाळी असते. चांदण्यांचा तक्ता कधीच उतरवला.

गणितवेडी

लिहिते, पण पेपर तपासून झाल्यावर. तोवर त्याला 0.5 मोठा की 0.35 ते विचारून ठेवा. 0.35 म्हणाला तर लगेच दुरुस्त करू नका, का म्हणतोस ते विचारा आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं इथे लिहा.

मृण्मयी_

विचारलं. 0.35. "पस्तीस पाचापेक्षा मोठे असतात, मावशी."

उंटावरचा_शहाणा

मुद्दा बिनतोड आहे.